शनिवारचं पान

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांना कुठलीही अडचण सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "त्याआधी काय केलंत?" मोटारसायकल सुरू होत नाही? त्याआधी काय केलंत? पोरगा गणितात नापास झाला? त्याआधी काय केलंत? एकदा आमच्या प्राचार्यांचे वडील वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो. प्राचार्य डोळे पुसत सांगत होते, "रात्री नीट जेवले, झोपले आणि झोपेतच गेले." सरांचे ओठ हललेले दिसताच मी त्यांच्या पायावर माझा पाय दिला, चांगला जोर लावून. पुढे काही दिवस ते लंगडत होते, पण मैत्री टिकली.

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि संगमनेरात त्यांच्या शेजारच्याच घरात राहायची. त्यामुळे सरांचा विक्षिप्तपणा मला सकाळी भिंतीपलीकडून आणि दुपारी स्टाफरूममध्ये, असा दोन्ही वेळा मिळत असे. हे सगळं नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतलं. गावात कॉम्प्युटरचे क्लास निघायला लागले होते आणि त्या सगळ्या क्लासांत एकच सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, शिकवली जायची. सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर मात्र भलतीच सिस्टीम होती. तिचं नाव सांगितलं तर आज कुणाला काही बोध होणार नाही. तेव्हाही होत नव्हता. आम्ही तिला 'सरांची सिस्टीम' म्हणायचो, आणि हे आम्ही काहीसं 'सरांचा दमा' म्हटल्याच्या सुरात म्हणायचो.

कुठल्याशा परदेशी कंपनीने ती काढली होती. सरांच्या मते तिच्यासारखी गुणी सिस्टीम झाली नाही. "थोडक्यात भागवते हो," ते म्हणत. "जुनं मशीन असलं तरी तक्रार नाही." जगात ती वापरणारी माणसं मूठभर, तीही चार दिशांना पांगलेली. ती एकमेकांच्या मदतीसाठी वेबवर लिहायची. काय बिघडलं, कसं नीट केलं, कुठली वायर कुठे लावली, असलं सगळं. आज त्याला ब्लॉग म्हणतात. तेव्हा तो शब्द संगमनेरपर्यंत पोचला नव्हता. सर त्याला 'पान' म्हणत आणि दर शनिवारी त्यांचं एक नवं पान निघे.

घरी इंटरनेट नव्हतं. म्हणून शनिवारी कॉलेज सुटलं की सर एसटीने नाशिकला जात, तिथल्या सायबर कॅफेत बसत, पान वेबवर चढवत आणि रात्रीच्या गाडीने परत येत. लिहिलेलं सगळं फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी स्टीलच्या डब्यात. फ्लॉपीला एसटीतली धूळ सोसत नाही आणि गर्दीतला दाबही सोसत नाही, तेव्हा जेवणाच्या डब्यासारखी जागा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनी, म्हणजे सरांची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या लग्नात एकसारखे दोन डबे आले होते. आता पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

वहिनींनी शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला तर आत निळ्या-काळ्या फ्लॉप्या. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, "हे काय, उपासाचं का?" तिकडे नाशिकला सरांच्या डब्यातून मेथीची भाजी आणि भाकरी निघाली. सरांनी आधी ती शांतपणे खाल्ली. मग कॅफेतल्या मशीनपुढे बसून सबंध पान आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं. ते मूळच्यापेक्षा निम्म्याने लहान झालं आणि वाचणाऱ्यांनी कळवलं, की तुमच्या सगळ्या पानांत हे सर्वांत स्वच्छ.

दुसरा कुणी असता तर त्याने डब्यांवर खुणा केल्या असत्या. सरांनी त्यातून सिद्धान्त काढला. "जे आठवत नाही ते लिहायच्या लायकीचंच नव्हतं, मॅडम." त्या दिवसापासून ते पान घरी लिहीत, फ्लॉपी मुद्दाम घरी ठेवत आणि नाशिकला रिकाम्या हाताने जाऊन आठवणीतून लिहीत. वहिनी म्हणाल्या, "हे बरं झालं. माझा डबा तरी सुटला."

पान इंग्रजीत असे. त्याच्या शेवटी ते आपला घरचा पत्ता देत आणि खाली एक ओळ लिहीत, की संगमनेरला आलात तर आमच्याकडे जेवायला या. वाचणारे कोण, तर एक फिनलंडचा, एक ब्राझीलचा, दोन-चार जर्मनीतले. "अहो, फिनलंडचा खरंच आला तर?" वहिनींनी एकदा विचारलं. सर म्हणाले, "पिठलं कर. त्यांच्याकडे थंडी असते."

मग त्या कंपनीने सिस्टीम बंद केली. यापुढे नवी आवृत्ती नाही, मदत नाही, काही नाही. त्याबरोबर ती विखुरलेली माणसंही एकेक करून आपापलं लिखाण आवरतं घेऊ लागली. सोमवारी सर स्टाफरूममध्ये पडेल चेहऱ्याने यायचे. एकदा नुसतेच म्हणाले, "ब्राझीलचा गेला." इंग्रजीचे नवे प्राध्यापक हळहळले. "अरेरे. वय काय होतं?" सर म्हणाले, "तीन वर्षं. पण काम चांगलं होतं हो."

डिसेंबरात एका संध्याकाळी सर आमच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "जानेवारीअखेरचं पान लिहितो आणि थांबतो."

"का हो? तुम्हाला कोण थांबवतंय?"

"कुणी वाचतं की नाही तेच कळत नाही, मॅडम. उत्तर बरोबर आलं की माणूस परत येत नाही. आणि चुकलं तरी येत नाही."

मला त्या यंत्रात काडीचा रस नव्हता. पण सरांना असं खांदे पाडून बसलेलं बघवेना. एरवी मी त्यांची एवढी टिंगल करायची, त्या दिवशी मी आत जाऊन चहा टाकला.

जानेवारीतल्या एका रविवारी, ऐन जेवणाच्या वेळेला, सरांच्या दाराशी एक तरुण बाई उभ्या राहिल्या. मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. खांद्याला पिशवी, केसांवर धूळ, हातात घडी घालून मऊ पडलेला छापील कागद. त्यांनी कागद पुढे केला. "हे तुमचं आहे का?"

सरांनी पाहिलं. त्यांचंच पान होतं, प्रिंटर कसा जोडायचा त्यावरचं. "हो. माझंच."

"यात जेवायला या असं लिहिलंय. पण मी जेवायला नाही आले, सर. मी भांडायला आले."

सरांचा चेहरा असा उजळला, की तसा तो त्यांच्या बढतीच्या दिवशीही उजळला नव्हता. ते आत वळून ओरडले, "अगं ए, वाचक आलाय!"

वहिनींनी आतून विचारलं, "वाचकाला भाकरी चालते का?"

भांडण जेवतानाच झालं. या बाई तिसगावच्या. तिथल्या बौद्धवस्तीतल्या पहिल्या बी.एस्सी. आणि गावच्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पुण्यातल्या एका ऑफिसने आपले जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यातले तीन बाईंनी खटपट करून शाळेसाठी मिळवले. त्यांच्यावर बाजारातली सिस्टीम चालेना, सरांची चालली. मशीन देणाऱ्याने सरांची काही पानं छापून बरोबर दिली होती आणि बाई त्यांच्यावरून मुलांना शिकवत होत्या. खोली मात्र शाळा समितीची. अध्यक्ष नानांना ती परत हवी होती, कारण तिथे पूर्वी शाळेचं सामान आणि बियाण्याची पोती असायची.

"नाना म्हणतात, काचेत दिसतं ते खरं कशावरून? कागदावर काढून दाखवा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर गावापुढं कागद आला तर खोली तुमची, नाहीतर पोती आत." बाईंनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "प्रिंटर आहे, शाई आहे, कागद आहे. तुमच्या पानावर आहे तसं अक्षर न् अक्षर केलं. छापतच नाही. पोरी रोज विचारतात, बाई, आज? काय सांगू मी त्यांना?"

"छापायचा हुकूम दिलात," सर म्हणाले, "त्याआधी काय केलंत?"

बाईंनी सांगितलं. सगळं बरोबर होतं. सरांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. वहिनींनी वाढलेला भातही त्यांना दिसला नाही. शेवटी ते म्हणाले, "मी शनिवारी येतो."

"शनिवारी नाशिक असतं ना तुमचं?" वहिनी म्हणाल्या.

"या शनिवारी तिसगाव."

मी त्यांच्याबरोबर का गेले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वहिनींनी म्हटलं, "तुम्ही जा हो यांच्याबरोबर, नाहीतर नगरच्या स्टँडवर भलत्याच गाडीत बसतील," हे एक कारण. पण खरं कारण बाईंचा तो हातात राहिलेला तुकडा असावा.

नगरला गाडी बदलून, करंजीचा घाट ओलांडून आम्ही तिसगावात उतरलो तेव्हा बाजारपेठेत उन्हं चढली होती. शाळेच्या टोकाची ती खोली बाईंनी स्वच्छ झाडून ठेवली होती. तिन्ही मशीनवर गोणपाट धुऊन झाकलेलं. दारातच खुर्ची टाकून नाना बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी, काठीवर हनुवटी. त्यांनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या, सर. लई लांबून आलात. बघू तरी काय व्हतंय."

सर आत गेले. खुर्ची ओढली, मशीन सुरू केलं, काहीतरी टाइप केलं आणि छापायचा हुकूम दिला. प्रिंटर खर्र खर्र करत चालला. कागद बाहेर सरकू लागला. त्यावर ठळक अक्षरांत शाळेचं नाव.

नानांनी उठून कागद हातात घेतला, बोटाने चोळून पाहिला. "आलं की वो!"

खिडकीतून पोरी ओरडल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते रागाने भरले होते, हे मला दिसत होतं. "सर, काय केलंत तुम्ही?"

"काहीच नाही. पानावर आहे तेच केलं."

"मग मी काय वेगळं केलं?"

सगळं बंद केलं. बाई बसल्या. त्यांनी केलं, छापलं नाही. पुन्हा बंद केलं. सर बसले. छापलं. पुन्हा बाई, पुन्हा नाही. सर घामाघूम झाले. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं, आपण काय करतोय ते.

नाना समजुतीच्या सुरात म्हणाले, "सरांच्या हाताला गुन हाय, बाई. तुमच्या हाताला न्हाई, त्याला तुमी तरी काय करनार? पन सर जातील सांजच्या गाडीनं. हात काय हितं ठिवून जानार हायेत व्हय?"

खरंच होतं ते. छापलेला कागद मिळाला होता, पण खोली बाईंच्या हातून निसटत होती. सर निघून गेले की सव्वीस तारखेला प्रिंटर पुन्हा मुका होणार होता.

बाईंनी पदर खोचला. "सर, तुम्ही बाहेर जा. चपला घाला आणि पहिल्यापासून या. दारापासून."

सर मुकाट बाहेर गेले. सगळं बंद केलं गेलं. सर पुन्हा आत आले, खुर्चीकडे वळले आणि बाई एकदम म्हणाल्या, "थांबा! मशीनला हात लावू नका. सर, त्याआधी काय केलंत?"

"कशाच्या आधी?"

"आत आलात आणि तुमचा हात प्रिंटरच्या बटणावर गेला. तो लावलात, मग खुर्चीकडे वळलात."

"तो तर मी नेहमीच लावतो," सर म्हणाले. "खोलीत आलं की प्रिंटर लावायचा. दिवा लावतो तसा."

"पानावर कुठं आहे?"

पानावर नव्हतं. कुठून असणार? ती त्यांची इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट होती, की नाशिकच्या कॅफेत बसून आठवताना ती आठवलीच नाही, आणि आठवली नाही म्हणून लिहायच्या लायकीची ठरली नाही. बाईंच्या शाळेत नेमकं उलटं. तिथे विजेचा भरवसा नाही, म्हणून बाईंनी मुलांना शिस्त लावली होती, की प्रिंटर अगदी शेवटी, छापायच्या वेळीच लावायचा. आणि सरांची ती गुणी सिस्टीम जागी होताना आजूबाजूला कोण आहे ते एकदाच बघायची. मागाहून आलेल्याला ती ओळखच द्यायची नाही. मी रसायनशास्त्राची बाई. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे पोरांना ओरडून ओरडून सांगण्यात माझी हयात चाललेली. क्रमाने काय काय होतं ते मला कळत होतं. पण ते पकडलं बाईंनी. मी तर सकाळपासून सरांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

बाईंनी आधी प्रिंटर लावला, मग मशीन. हुकूम दिला. खर्र खर्र. या वेळी बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि मीही.

हे सगळं पुढे पानावर गेलं. 'मी एक गोष्ट विसरलो होतो, ती तिसगावच्या एका शिक्षिकेने शोधली,' अशी सरांनी सुरुवात केली होती. त्यावर कुठून कुठून उत्तरं आली. कुणी लिहिलं, माझाही प्रिंटर कधी चालला नाही, मला वाटायचं चूक माझीच. कुणी लिहिलं, मी तर प्रिंटर विकून टाकला. सर ती उत्तरं मला वाचून दाखवत होते. "इतकी माणसं वाचत होती, मॅडम. वाचून गप्प बसत होती."

पण त्या दिवशी खोलीतलं काम अजून संपलं नव्हतं. नाना खुर्चीत परत बसले होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं, चाललं. बाईंच्या हातानं बी चाललं. पन मला एक सांगा सर, ही कंपनी बंद पडली म्हनं?"

"हो."

"मंग उद्या पुन्हा बिघडलं तर इचारायचं कुनाला?"

खोलीतले सगळे सरांकडे पाहू लागले. खिडकीतल्या पोरीसुद्धा. मलाच तेवढं ठाऊक होतं, की जानेवारीअखेर सर थांबणार आहेत, आणि खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"मला इचारा, नाना," बाई म्हणाल्या. गावातल्या माणसाशी गावात बोलतात तसं, साधं. "मी हाय न्हवं हितं."

नानांनी काठी भिंतीला टेकवली. मग बंडीच्या खिशातून खोलीची किल्ली काढली. आजवर ती त्यांच्याच खिशात असायची, बाईंना रोज मागून घ्यावी लागायची. त्यांनी ती बाईंच्या हातावर ठेवली. "हारवू नका. दुसरी न्हाई."

सरांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, तो सापडला नाही, मग शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. एवढी वर्षं प्रश्न आला की उत्तर द्यायला ते एकटेच असत. त्यांच्या आधी दुसरं कुणी बोलल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला वाटतं, त्यांनीही.

परतीच्या एसटीत घाट मागे पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, जानेवारीअखेरचं पान शेवटचं, असं मी म्हणालो होतो ना?"

"म्हणालात."

"ते अर्धं बाईंना लिहायला सांगतो. दोघांत एक पान म्हणजे माझं अर्धं उरतं." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "ते मग फेब्रुवारीत लिहावं लागेल."